एक सुलट, एक उलट

ग्लुकोज म्हटलं की लोकांना चक्कर आल्यावर पाण्यात ढवळून प्यायची पांढरी पावडर आठवते. मला लाकडाचा भुसा आठवतो. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं मी, आणि दर वर्षी कर्बोदकांचा धडा आला की नाकात ताज्या भुशाचा वास यायचा. परवा नातवाने मोबाइलवर सेल्युलोजची साखळी दाखवली, बोटाने गरागरा फिरवून. "आजी, बघ किती भारी!" मी म्हटलं, "डोंबलाची भारी! हातात धरता येते का?" बिचारं पोर हिरमुसलं. माझा स्वभावच असा, त्याला काय करणार. पण ती साखळी मी हातात धरलेली आहे, तिचे खडबडीत सांधे बोटांनी चाचपलेले आहेत, आणि ती कुणी केली हे सांगायला मी जे दिवस लावले ते अजून मला जाचतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. आमच्या जीवरसायनाच्या सरांना सगळे साखरसर म्हणायचे. माणूस गोड होता म्हणून नव्हे हं, चांगला खवट होता, पण बोलायला लागला की फिरून फिरून साखरेवर यायचा. त्या वर्षी विद्यापीठाची समिती आमची प्रयोगशाळा बघायला येणार होती. पसंत पडली तर आमच्या कॉलेजात तिसरं वर्ष सुरू होणार, नाहीतर आम्ही सगळ्यांनी गाठोडं बांधून दुसरीकडे जायचं. ते तिसरं वर्ष आम्हाला मिळालं, हे आत्ताच सांगून टाकते, कारण ही गोष्ट त्याची नाही.

समितीसाठी सरांनी मनावर घेतलं की काचेच्या कपाटात सेल्युलोजची चांगली लांबलचक साखळी लावायची. बारा ग्लुकोज, एकाला एक जोडलेले. "लाकूड म्हणजे सेल्युलोज," सर म्हणाले, "तेव्हा लाकडाचं मॉडेल लाकडातच झालं पाहिजे. पुठ्ठाबिठ्ठा चालणार नाही." मग त्यांनी हिशोब करून फळ्यावर लिहिलं: कार्बनचे काळे गोळे बहात्तर, ऑक्सिजनचे लाल एकसष्ट, हायड्रोजनचे छोटे पांढरे एकशे बावीस. "कातारी बघितलाय मी एक. येईल उद्या."

कातारी म्हटल्याबरोबर माझा लिहिता हात थांबला.

कारण माझे बाबा कातारी होते, आणि गावात कातारी तेवढे एकच. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना, मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही. लेथच्या घरघरीत मी पाढे पाठ केले, भुशात लोळून मोठी झाले. बाबा पलंगाचे पाय करायचे, जिन्याचे कठडे, बुद्धिबळाची प्यादी, लाटणी. पटाशी लावली की लाकडाची लांब कुरळी साल सुटायची, ती मी कानात डूल म्हणून अडकवायचे. बाबा म्हणायचे, "ठकू, श्रीमंत दिसतेस गं." त्या घरात मला कधी काही कमी वाटलं नाही. पण कॉलेजात आल्यावर काय झालं कुणास ठाऊक. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे वकील. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लाकडाच्या व्यवसायात आहेत." मुलींनी समजून घेतलं की लाकडाची वखार असेल. मी दुरुस्त केलं नाही. दीड वर्ष ते तसंच चाललं होतं, आणि आता बाबा स्वतः कॉलेजात येणार होते.

आले. दुसऱ्या दिवशी, बरोबर अकराला, भुशाने भरलेला तो खाकी अंगरखा घालून प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मी नळाखाली परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसणार होते, आणि मी मान खाली घातली. एवढंच केलं मी. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. सरांशी बोलून ते कपाटाची मापं घ्यायला माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "अहो ताई, जरा सरकता का? लांबी मोजायचीय." मी सरकले. इतकं हलकं वाटलं मला तेव्हा, की आज सांगताना माझीच मला किळस येते.

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "कॉलेजातलं काम कसं आहे हो?" बाबा म्हणाले, "बरं आहे." संपलं. पुढे अडीच महिने बाबा कॉलेजात येत राहिले आणि घरी आम्ही त्या कामाबद्दल एक अक्षर बोललो नाही. घरी मी ठकू, तिथे अहो ताई. त्यांनी ते इतकं चोख सांभाळलं की एखाद्या नाटकवाल्याने शिकावं.

आणि काम तरी कसलं सुंदर! सरांनी सांगितलं, कार्बनला चार भोकं, एकमेकांशी एकशे साडेनऊ अंशांत. बाबा म्हणाले, "साहेब, अर्धा अंश? लाकडात?" पण चार दिवसांनी त्यांनी त्यासाठी एक ठोकळाच बनवून आणला. त्यात गोळा अडकवायचा, गिरमिट ठरलेल्या खाचेतून घालायचं, चारही भोकं तंतोतंत. सरांनी कोनमापक लावून बघितलं आणि नुसतेच बाबांकडे बघत राहिले. प्रात्यक्षिकं घेणारे एक मास्तर होते आमच्याकडे, नाक सदा वर. तेसुद्धा एक गोळा उचलून निरखायला लागले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हे माझे बाबा आहेत. ओठांवर आलं आणि गिळलं.

गोळे झाले, आता जोडणी. जोडायचं कसं त्याचं चित्र सरांनी मला काढायला सांगितलं, कारण माझी आकृती स्वच्छ यायची. इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, कंटाळू नका. ग्लुकोज म्हणजे एक कडं: पाच कार्बन, एक ऑक्सिजन. सहावा कार्बन कड्याच्या बाहेर शेपटीसारखा. आता ही कडी एकमेकांना दोन तऱ्हांनी जोडता येतात. सगळ्या शेपट्या एकाच बाजूला ठेवून जोडलीत की तो झाला अल्फा बंध, आणि तयार झाला स्टार्च. बटाटा, पाव, सगळं तेच. आणि एक कडं सुलट, पुढचं उलट, पुन्हा सुलट, पुन्हा उलट, शेपटी वर, शेपटी खाली, असं जोडलंत की तो बीटा बंध, आणि झालं सेल्युलोज. लाकूड, कापूस, कागद. कडं तेच बरं का, गोळे तेवढेच. फक्त जोडताना एक भोक खालच्या बाजूला की वरच्या, एवढाच फरक. सर म्हणायचे, "पाव चावलात तर तोंडात गोड होईल, कारण लाळेला अल्फा बंध तोडता येतो. टेबल चावलंत तर दात पडतील."

मी चित्र काढलं. शेपट्या वर, खाली, वर, खाली. चोख काढलं होतं. बाबांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, हे असंच ना? एक आड एक?" मागे चार मुली उभ्या. बोलणं लांबलं तर काहीतरी बाहेर पडेल या भीतीने मी फटकन म्हणाले, "असंच. चित्रात दिसतंय ना!" बाबा "बरं" म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. असल्या तोऱ्यात मी घरी बोलले असते तर आईने पाठीत धपाटा घातला असता.

शुक्रवारी साखळी आली. चादरीत गुंडाळून बाबांनी स्वतः आणली, टेबलावर ठेवली, चादर काढली. सगळे पुढे सरसावले. साखळी सरळ नव्हतीच. जिन्याच्या गोल वळणासारखी फिरत गेली होती. आणि सगळ्या शेपट्या एकाच बाजूला, शिस्तीत, रांगेत.

मागून कुणीतरी खुसखुसलं. मास्तर म्हणाले, "तरी मी सांगत होतो. अडाण्याच्या हातात शास्त्र दिलं की हे असं होणार. बुधवारी समिती येतेय आणि हे वेटोळं दाखवायचं का त्यांना?" माझे कान तापले. अंगाचा तिळपापड झाला, पण मी तोंड उघडलं नाही. टेबलाच्या कडेला बोटं घट्ट धरून उभी राहिले.

सरांनी विचारलं, "हे कुणी जोडलं?"

"मीच, साहेब. चूक झाली."

"चित्र कळलं नाही का?"

"चित्र बरोबर होतं. माझंच लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं! लाटण्यात केसाएवढा बाक आला तरी ते लाकूड चुलीत घालणारा माणूस म्हणतोय, लक्ष नव्हतं. बाबा खोटं बोलताहेत हे त्या खोलीत मला पुरतं कळलं होतं. का बोलताहेत ते कळत नव्हतं.

सर वाकून एकेक सांधा बघायला लागले. प्रत्येक कड्याच्या पहिल्या कार्बनवर एक भोक खुंटी मारून बुजवलं होतं, वरून काळा रंग दिला होता, आणि खालच्या बाजूला नवं भोक पाडलं होतं. म्हणजे हे नजरचुकीने झालेलं नव्हतं, मुद्दाम केलेलं होतं. सर सरळ उभे राहिले आणि एकदम खो खो हसायला लागले. "अहो, तुम्ही तर लाकडाचा बटाटा केलात! हा स्टार्च आहे! मुलांनो, इकडे या. या माणसाने सगळे बंध अल्फा केले, तर साखळी आपोआप वळली. तिला वळवा म्हणून कुणी सांगितलं होतं का? खरा स्टार्च असाच वळतो. मास्तर, तुम्हीपण या, तुम्हालाही उपयोगी पडेल." मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग सरांनी ठरवलं, सहा कडी अशीच राहू देत, स्टार्च म्हणून. उरलेली सहा सोडवून उलटसुलट जोडायची, सेल्युलोज म्हणून. दोन्ही शेजारी शेजारी लावू. "फक्त या वेळी चित्र समजावायला कुणीतरी कारखान्यात जाऊन बसा. उद्या शनिवार आहे. कोण जातंय?"

आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. सकाळी तिच्या कानात घातलेलं दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजात वाजायचं. तिने हात वर केला. "मी जाते सर. आणि चित्र हिने काढलंय, तेव्हा हीपण येईल." आणि माझा दंड धरला.

बाबा घाईघाईने म्हणाले, "नको नको, ताईंना कशाला त्रास? मी सांभाळतो." पण सर म्हणाले, "जाऊ द्या हो त्यांना." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

संध्याकाळी घरी गेले. मनात म्हटलं, आता बोलायचं, माफी मागायची. ताटं वाढली. बाबा आईला म्हणाले, "उद्या सकाळी मावशीकडे जाऊन ये."

"मी? कशाला? काय झालं तिला?"

"काही नाही. बरेच दिवस गेली नाहीस. दुपारी ये."

आई चक्रावली. मी चक्रावले नाही. घरात आई असली की ती मला हाक मारणार, रेडिओसमोर. म्हणून बाबा तिला घराबाहेर काढत होते. मी खाली मान घालून जेवले. लाज वाटली, फार वाटली, पण खरं सांगते, जीव भांड्यातही पडला.

शनिवारी दहाला मी घरातून निघाले, कोपऱ्यावर रेडिओला भेटले, आणि तिला घेऊन त्याच रस्त्याने परत घरी आले. पाहुणी म्हणून. "कुठला गं दरवाजा?" तिने विचारलं, आणि मी पाट्या वाचल्याचं सोंग केलं.

बाबांनी काय काय करून ठेवलं होतं! दारातल्या माझ्या चपला उचललेल्या. भिंतीवर माझा शाळेतल्या बक्षीस समारंभाचा फोटो होता, तो काढलेला, नुसता खिळा आणि खाली फिकट चौकोन. कारखाना झाडून दोन खुर्च्या मांडलेल्या. फळीवरच्या चांगल्या पेल्यांतून, ताटलीत ठेवून, त्यांनी आम्हाला पाणी दिलं. ते पेले आमच्याकडे लग्नाची बोलणी करायला आलेल्यांसाठीच निघायचे.

"बसा ताई. भुसा आहे फार, कपडे सांभाळा. पंखा लावू का?"

मी माझ्याच घरात अवघडून बसले आणि पाणी प्यायले.

काम सुरू झालं. बाबांनी सरस लावलेले सांधे आदल्या दिवशीच कोमट फडक्याने भिजवून सैल करून ठेवले होते. मी चित्र वाचत होते, सुलट, उलट. रेडिओ कडी हातात देत होती, बाबा खुंट्या बसवत होते. तिसरं कडं जोडलं, चौथं जोडलं, आणि साखळी टेबलावर दोरी ताणल्यासारखी सरळ पडली. बाबांनी हात थांबवला. "अच्छा! म्हणजे एक आड एक उलटं बसवलं, म्हणून ती सरळ राहते? आणि मी सगळी सरळ केली, तर वाकली?" कितीतरी वेळ ते तिच्यावरून हात फिरवत राहिले. खूश झाले होते हो, लहान मुलासारखे. "आणि सबंध आयुष्य मी हेच कातत आलो म्हणायचं!"

रेडिओ म्हणाली, "पण काका, मग पहिल्यांदा सगळी एका बाजूला का केलीत? चित्र तर हिने किती छान काढलं होतं."

बाबा अंगरख्याला हात पुसायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "आता काय लपवायचं? मला वाटलं, काढताना ताईंचंच चुकलंय. एक शेपटी वर, एक खाली, असं कुणी मुद्दाम करतं का? एकदा विचारलं मी. पुन्हा विचारलं असतं तर सगळ्यांसमोर त्यांना कमीपणा. तसंच जोडून दिलं असतं तर सरांची बोलणी त्यांनी खाल्ली असती. म्हटलं, आपणच गुपचूप नीट करून टाकू. कुणाला कळणारही नाही."

लहानपणी मी फ्रॉक उलटा घालून शाळेत निघायचे, आणि बाबा मला दारातून परत ओढून, कुणी हसायच्या आत, तो सुलट करून पाठवायचे. तेच केलं होतं त्यांनी. आणि काल अडाणी म्हणवून घेतलं ते यासाठी.

"बाबा," मी म्हणाले.

आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना. बाबा दचकले आणि लगेच रेडिओकडे वळले. "हे आपलं... मोठ्या माणसाला म्हणतात मुली बाबा. चांगली सवय आहे. ताई, थोडं पाणी आणू का तुम्हाला?" अजून सांभाळत होते मला. अजून!

"पुरे करा हो!" मी ओरडलेच. "हे माझे बाबा आहेत. हे माझं घर आहे. त्या खिळ्यावर माझा फोटो असतो." आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

मग रेडिओ म्हणाली, "माहितीये मला."

मी वर बघितलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अगं, दोघांचे कान बघा की आरशात, एकाच साच्यातून काढल्यासारखे. सगळ्या वर्गाला माहितीये. सरांनी तर तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा वाचूनच काकांना शोधून काढलं. आणि आम्हाला बजावलं होतं, ती स्वतः सांगेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मी अडीच महिने गप्प बसले, माझं पोट फुगलं होतं!"

बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. डोळे पुसले की भुसा झटकला, ते मला नीट दिसलं नाही.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?" ते म्हणाले. "मग ठकू, इतके दिवस मी अहो ताई, अहो ताई करत बसलो, ते कुणासाठी गं?"

त्यांनी ते हसत विचारलं होतं, त्यात टोमणा नव्हता. रेडिओही हसली. मीही रडता रडता हसले आणि प्रश्न तसाच राहून गेला. पुढे बाबा चांगले चोवीस वर्षं जगले. माझ्यासाठी, बाबा, फक्त माझ्यासाठी, एवढंच उत्तर होतं त्याला, आणि ते मी त्यांना एकदाही म्हणाले नाही.